घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? स्वस्तातला हातात धरायचा माइक असा निवडा

नवखा माणूस माइक घ्यायला निघाला की आधी माइकच शोधतो. फोटो बघतो, तारे बघतो, दोन-तीन व्हिडिओ ऐकतो आणि ऑर्डर देऊन टाकतो. खोकं घरी आलं, वायर हातात घेतली की लक्षात येतं की हे टोक ना फोनमध्ये जातंय ना लॅपटॉपमध्ये. मग अडॅप्टरची शोधाशोध सुरू होते, आणि अडॅप्टर लावूनही आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. दोष मात्र माइकच्या माथी बसतो.

म्हणून इथला क्रम जरा उलटा आहे. माइक कशाला जोडणार हे आधी ठरवायचं, माइकचं नाव शेवटी. स्वस्त गटातल्या बऱ्यापैकी माइकांमध्ये आवाजाचा फरक असतो, नाही असं नाही. पण पहिल्या वर्षभरात रेकॉर्डिंगमध्ये जे खटकतं ते बहुतेक वेळा जोडणीचं, अंतराचं किंवा खोलीचं असतं.

पायरी १ : वायरचं दुसरं टोक कुठे जाणार?

तीन वाटा आहेत.

पहिली वाट एक्सएलआरची. माइकच्या बुडाशी तीन पिनांचं गोल सॉकेट असतं, तिथून केबल निघते आणि ऑडिओ इंटरफेस नावाच्या छोट्या डबीत जाते. डबी यूएसबीने लॅपटॉपला किंवा फोनला जोडायची. या तीन पिनांपैकी पहिली अर्थिंगची असते. दुसरी आणि तिसरी एकच आवाज एकमेकांच्या उलट दिशेनं वाहून नेतात. वाटेत वायरनं पकडलेली घरघर मात्र दोन्हींत सारखीच असते, त्यामुळे डबीत वजाबाकी होऊन ती नाहीशी होते. लांब केबल वापरूनही आवाज स्वच्छ राहतो तो यामुळे. पुढे दुसरा माइक घेतला तरी डबी तीच चालते. खर्च दोन वस्तूंचा होतो, पण गाण्याचा नाद टिकणार अशी खात्री असेल तर हीच वाट धरा.

दुसरी वाट यूएसबी माइकची. इंटरफेस माइकच्या पोटातच असतो. वायर लावली की काम सुरू. एकट्यानं गायचं असेल तर यात काहीच वाईट नाही. अडचण येते ती दोन माइक एकाच वेळी लावायचे झाले की. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच ऑडिओ उपकरण सुखानं चालवतात. गळा आणि गिटार वेगवेगळ्या ट्रॅकवर एकाच वेळी घ्यायचे असतील तर ही वाट पुढे अडते.

तिसरी वाट कराओके माइकची : बुडाशी कायमची चिकटवलेली वायर आणि टोकाला जाड ६.३५ मिलिमीटरचा जॅक. ही वाट सोडून द्या. हा माइक इंटरफेसच्या गिटारसाठीच्या भोकात सहज बसतो आणि तिथेच फसगत होते, कारण ते भोक माइकइतका क्षीण संदेश वाढवण्यासाठी केलेलं नसतं. आवाज येतो तो पुटपुटल्यासारखा, आणि तो वाढवायला जावं तर मागून खरखर वाढते. हाच जॅक बारीक करून फोनमध्ये घातला तरी गत तीच. फोनचं भोक हेडफोनवरच्या चिमुकल्या माइकसाठी असतं. ब्लूटूथ माइक तर गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी नकोच. त्यात आवाज उशिरानं पोहोचतो आणि तालावर गाणाऱ्याला तो उशीर सहन होत नाही.

फोनवरच रेकॉर्ड करणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा. काही इंटरफेसना लागणारी वीज फोन पुरवू शकत नाही. डबीला वेगळा चार्जर लावायची सोय असेल तर निश्चिंत राहता येतं.

पायरी २ : डायनॅमिक की कंडेन्सर?

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. हललं की वीज तयार होते, बाहेरून वीज द्यावी लागत नाही. रचना साधी, त्यामुळे पडला-झडला तरी टिकतो, दमट हवेलाही फारशी दाद देत नाही. कंडेन्सरमध्ये पडदा फारच पातळ असतो, बारीकसारीक आवाज तो जास्त टिपतो, पण त्याला वीज लागते. बहुतेक वेळा ती इंटरफेसमधून ४८ व्होल्ट फँटम पॉवर म्हणून केबलमधूनच येते.

स्वस्तात घ्यायचा आणि हातात धरायचा, या दोन्ही अटी असतील तर डायनॅमिकच घ्या. एकाच किमतीच्या पट्ट्यात डायनॅमिक कमी फसवतो. स्वस्त कंडेन्सर बऱ्याचदा वरच्या पट्टीत कर्कश असतात, आणि पंख्यापासून शेजारच्या कुकरपर्यंत सगळं इमानेइतबारे टिपतात.

मात्र ‘डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही’ हे वाक्य जसंच्या तसं गिळू नका. तो घेतो. फरक असा, की डायनॅमिक आपण ओठांजवळ धरतो. माइकचं अंतर दुप्पट केलं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीत सगळीकडे जवळपास तेवढाच असतो. म्हणजे ५ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर गेलात तर खोली १२ डेसिबलनं पुढे सरकली असं समजा. हा हिशेब दोन्ही जातींच्या माइकांना लागू आहे.

आणि एक स्पष्ट सांगतो. तुमचं मुख्य काम गळा नसून साधी, न जोडलेली गिटार किंवा हळू वाजणारी बासरी असेल, तर हातात धरायचा डायनॅमिक माइक ही चुकीची खरेदी आहे. वाद्यापासून १५-२० सेंटिमीटर लांब ठेवला की त्याचा संदेश इतका बारीक होतो की गेन, म्हणजे इंटरफेसवर माइकचा संदेश वाढवायची सोय, पार पिळावी लागते. अशांनी बारीक दांड्याचा कंडेन्सर बघावा. हार्मोनियम, गिटारचा अॅम्प्लिफायर, हातानं वाजवायची तालवाद्यं, म्हणजे जी जोरात बोलतात, तिथे मात्र हाच माइक मजेत चालतो.

पायरी ३ : माइकला कुठून ऐकू येतं

खोक्यावर ‘कार्डिऑइड’ लिहिलेलं असेल तर माइक समोरून सर्वांत जास्त, बाजूंनी कमी आणि बरोबर मागून जवळजवळ काहीच ऐकत नाही. ‘सुपरकार्डिऑइड’ बाजूंनी आणखी कमी ऐकतो, पण मागून थोडं ऐकतो. त्याचा बहिरा कोपरा समोरच्या दिशेपासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागे तिरका असतो. घरी याचा उपयोग सरळ आहे. कार्डिऑइड असेल तर माइकची शेपटी पंख्याकडे, खिडकीकडे किंवा लॅपटॉपकडे करा. नवशिक्यानं कार्डिऑइडच घ्यावा, कारण सुपरकार्डिऑइडसमोर गाताना मान थोडी हलली तरी आवाजाचा रंग बदलतो.

दिशा ओळखणाऱ्या या सगळ्या माइकांचा एक स्वभाव आहे. तोंड जवळ नेलं की खर्जाचा भाग फुगतो. पातळ आवाजाच्या गायकाला हा फुगवटा आयता भराव देतो. ज्यांचा आवाज मुळात जाड आहे त्यांनी १०-१५ सेंटिमीटर लांब राहावं, किंवा सॉफ्टवेअरमध्ये ८० ते १०० हर्ट्झखालचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका लहान तितका स्वर खालचा) भाग कापावा.

जाळीच्या गोळ्याला मुठीत धरू नका. जाळीच्या खालच्या अंगाला माइकची मागची बाजू ऐकणारी भोकं असतात; ती झाकली की दिशा ओळखण्याचं कामच थांबतं आणि आवाज नाकातून आल्यासारखा होतो. स्टेजवर कुणी कसाही धरत असो, घरी मधोमध धरा. त्याहून बरं म्हणजे स्टँडवर लावा.

पायरी ४ : खोक्यावरच्या आकड्यांतलं काय वाचायचं

‘५० ते १५,००० हर्ट्झ’ असं वाचून लोक नाक मुरडतात आणि शेजारच्या अनोळखी माइकवर ‘२० ते २०,०००’ दिसलं की तिकडे वळतात. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते. गळा क्वचितच त्याच्या खाली उतरतो. १५ हजारांच्या वर गाण्यातलं फार थोडं उरतं. शिवाय नुसत्या दोन टोकांना अर्थ नसतो. मधल्या वाटेवर चढ-उतार किती, हे कंपनीनं छापलेल्या आलेखावरून कळतं. आलेख न छापणाऱ्या कंपनीचा २०,००० हा आकडा सजावट समजायचा.

आलेखात ३ ते १० हजारांच्या दरम्यान टेकडी दिसेल. स्टेजवर वाद्यांच्या गर्दीतून शब्द वर यावेत म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. घरी, शांत खोलीत, तीच टेकडी ‘स’ आणि ‘श’ला धार लावते. तुमचे ‘स’ आधीच टोचत असतील तर कमी टेकडीचा माइक बघा, किंवा माइक ओठांच्या थेट समोर न धरता थोडा हनुवटीकडे झुकवून धरा.

खरा कामाचा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माइक किती मोठा संदेश देतो याचा. शुअर एसएम५८ची ती १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, झेनहायझर ई८३५ची २.७. हा फरक साधारण ३ डेसिबलचा, म्हणजे ई८३५ला इंटरफेसवर तेवढा कमी गेन पुरतो. फरक छोटा वाटेल. पण हळू गाणाऱ्याला डायनॅमिक माइकवर ५०-६० डेसिबल गेन सहज लागतो आणि स्वस्त इंटरफेसची खरखर नेमकी त्या शेवटच्या टोकालाच ऐकू येऊ लागते. इंटरफेस घेताना त्याचा कमाल गेन किती ते वाचा. ५५ डेसिबलच्या आत असेल आणि तुम्ही गुणगुणत गाणारे असाल तर दुसरा बघा. माइकवर वाचवलेले पैसे इथे घातले तर वाया जात नाहीत.

बटणाबद्दल. अंगावर चालू-बंदचं बटण नसलेला माइक मिळत असेल तर तोच घ्या. रेकॉर्डिंगमध्ये बटणाचा उपयोग नाही, बंद राहून उत्तम टेक वाया घालवण्यापुरता आहे. असलंच तर चालू करून वर चिकटपट्टी लावा.

पायरी ५ : आता नावं

शुअर एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे. त्याचा भाऊ एसएम५७ एक वर्षानं मोठा. दोघांचं मूळ कंपनीनं १९५९ मध्ये आणलेल्या युनिडाइन ३ या घडणीत आहे. मुख्य फरक डोक्याचा. ५८ची गोल जाळी ओठ आणि पडदा यांत अंतर राखते आणि फुंकर थोडी अडवते, म्हणून तो गळ्याला, ५७ वाद्यांना. एसएम५८ सर्वांत स्वस्त नाही, सर्वांत गोडही नाही. पण त्याचा आवाज इतक्यांना ठाऊक आहे की काही बिघडलं तर दोष कुठे आहे ते पटकन कळतं, आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळतं.

झेनहायझर ई८३५ माझ्या कानाला घरच्या कामासाठी जास्त मोकळा वाटतो, आणि तोंड थोडं मागे-पुढे झालं तरी फार बिघडत नाही. ज्यांना माइकसमोर स्थिर राहायची सवय नाही त्यांनी याचा विचार जरूर करावा.

हात अगदीच आखडता असेल तर बेरिंगर एक्सएम८५००. कागदावर ५० ते १५,००० हर्ट्झ, कार्डिऑइड, एक्सएलआर. महागड्या भावांशेजारी ठेवला तर फरक कळतो. गाण्यात, वाद्यांसोबत मिसळल्यावर तो फरक शोधावा लागतो. उरलेल्या पैशात चांगली केबल आणि स्टँड येत असेल तर हा सौदा मी वाईट म्हणणार नाही.

ज्यांचं एक्सएलआर की यूएसबी हे अजून ठरत नाही त्यांच्यासाठी सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स. दोन्हींत यूएसबी आणि एक्सएलआर अशी दोन्ही सॉकेटं एकाच दांड्यात आहेत, शिवाय हेडफोनचं भोकही आहे, त्यामुळे स्वतःचा आवाज उशीर न होता कानात ऐकता येतो. आज थेट लॅपटॉपला, उद्या इंटरफेसला. घरगुती नवशिक्याला एकच नाव सांगा म्हटलं तर मी या दोघांपैकी जो हाताशी येईल तो सांगेन.

पायरी ६ : जुना घ्यावा का?

डायनॅमिक माइक जुना घ्यायला हरकत नाही. जाळीला पोचा असेल तर घाबरू नका, स्टेजवरच्या माइकला तो असतोच. कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर नको. केबल लावून सॉकेटपाशी हळूच हलवा. कटकट ऐकू आली तर नको. जाळी फिरवून निघते, तिच्या आतला फोम सौम्य साबणानं धुता येतो. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच चढवा. दुसऱ्याच्या थुंकीचा वास असलेल्या माइकपुढे आलाप घ्यायचा नसेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

एसएम५८च्या नकला जगभर फिरतात. बाहेरून ओळखणं अवघड असतं, पण स्वयंपाकघरातला वजनकाटा मदतीला येतो : खऱ्याचं वजन सुमारे २९८ ग्रॅम भरतं. लक्षणीय हलका निघाला तर शंका घ्या. नवाकोरा, खोक्यासह आणि नेहमीच्या भावाच्या पाव किमतीत मिळत असेल तर काट्याचीही गरज नाही.

पायरी ७ : सोबत काय लागेल

दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली ३ ते ५ मीटरची केबल. माइकसोबत फुकट आलेली केबल एका बाजूला जॅकची असेल तर ती ठेवून द्या. खाली जड बूड असलेला स्टँड, कारण हातात धरलेल्या माइकला बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू जाते. जाळीवर चढवायची फोमची टोपी. आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. स्पीकर लावून गाल तर मागचं संगीतही माइकमध्ये शिरेल आणि नंतर ते काढता येणार नाही.

फँटम पॉवर डायनॅमिक माइकला लागत नाही. नीट जोडलेल्या एक्सएलआर केबलवर चुकून चालू राहिली तरी सहसा बिघाड होत नाही, पण बंद ठेवायची सवय लावा.

पायरी ८ : परत करायची मुदत संपायच्या आत ही तपासणी करा

सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ निवडा. तुमच्या गाण्यातली सर्वांत वरची जागा पूर्ण आवाजात गा आणि गेन असा ठेवा की सॉफ्टवेअरमधली आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील. लाल दिवा लागेपर्यंत वाढवायची गरज नाही. २४ बिटमध्ये हळू आवाजालाही भरपूर जागा असते.

मग अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. त्यानंतर ओठांपासून चार बोटांवर माइक ठेवून हे म्हणा : ‘फाटक्या पिशवीतून भोपळा पडला, भाऊ पळत पळत फाटकाशी थांबला.’ आपल्या भाषेत ‘फ’, ‘भ’, ‘ठ’, ‘ख’ अशी फुंकर मारणारी अक्षरं भरपूर, आणि परीक्षणाच्या व्हिडिओंमध्ये त्यांची चाचणी क्वचित होते. प्रत्येक ‘फ’ला ढप् असा ठोका ऐकू आला तर माइक तोंडाच्या समोरून काढून ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा तिरका ठेवा. तरीही ठोका जात नसेल तर फोमची टोपी. मग एक ओळ हळू, एक जोरात, एक दोन वीत अंतरावरून. शेवटी गात गात डोकं डावीकडून उजवीकडे न्या.

आता हेडफोनवर ऐका. रेकॉर्डिंगमध्ये घरघर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा घ्या; थांबली तर दोष विजेच्या जोडणीचा आहे. माइकच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर घरघर बदलत असेल तर केबल बदलून बघा. बारीक ‘सूं’ येत असेल आणि गेन वाढवताच तीही वाढत असेल, तर पंखा बंद करून पुन्हा शांतता रेकॉर्ड करा. गेली तर खोलीचा आवाज होता. राहिली तर ती बहुधा इंटरफेसची आहे, कारण डायनॅमिक माइकची स्वतःची खरखर नगण्य असते. माइक परत करून दुसरा मागवलात तरी ती राहणारच. अशा वेळी तोंड चार बोटांवरून दोन बोटांवर आणा, गेन ६ डेसिबलनं उतरवा आणि पुन्हा ऐका.

आणि ‘सूं’ही नाही, घरघरही नाही, पण आवाज डब्यात घुमल्यासारखा येतोय? तर माइक कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर न्या. कपाटाकडे पाठ करून गा, म्हणजे माइकचं तोंड कपड्यांकडे राहील आणि शेपटी उघड्या खोलीकडे. पाठीमागे कपडे असले की तुमच्यामागच्या भिंतीवरून परतून थेट माइकच्या तोंडात शिरणारा आवाज अडतो. याच जागी, याच अंतरावर दोन माइकांची तुलना केलीत तरच त्यांच्यातला खरा फरक कानाला कळेल.